चित्रपट-मालिकांचा व्यवहार कोणत्या क्रमाने शिकावा : कोल्हापुरातील लेखक-दिग्दर्शकांसाठी मार्गदर्शक

बहुतेक नव्या लेखक-दिग्दर्शकांचा व्यवहार उलट्या क्रमाने चालतो. गोष्ट सुचली की ती आधी चार जणांना ऐकवली जाते, मग ओळखीतला एखादा निर्माता गाठला जातो, तोंडी होकार मिळाल्यावर लोकेशन पाहणे सुरू होते आणि करारनामा मुहूर्ताच्या आदल्या रात्री समोर येतो. त्या वेळी तो वाचण्याची सवड नसते आणि नकार देण्याची सोय तर मुळीच नसते. पुढील टप्पे याच चुका टाळण्यासाठी मांडले आहेत. टप्प्यांचा क्रम बदलू नये, कारण प्रत्येक टप्प्यातील कागद पुढच्या टप्प्यात लागतो.

टप्पा १ : विकायला काय आहे ते आधी ठरवा

लेखक "स्क्रिप्ट" विकत नाही, तो त्या लेखनातील हक्क विकतो. त्यामुळे ते हक्क खरोखर आपल्याकडे आहेत का, हा पहिला प्रश्न आहे. एखाद्या ग्रामीण कादंबरीवर पटकथा बेतलेली असेल, तर मूळ लेखकाची लेखी परवानगी हवी. लेखक हयात नसेल, तर वारसदारांची हवी. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार साहित्यकृतीचे हक्क लेखकाच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षे टिकतात. सहसा एक वारस भेटतो आणि तोंडी "करा की" म्हणतो. पण बाकीच्या वारसांच्या सह्या नसतील, तर कोणताही जाणता निर्माता त्या कागदावर पैसे लावणार नाही.

कोल्हापुरात पैलवानांच्या आणि तालमींच्या गोष्टींवर लिहिणारे पुष्कळ आहेत. हयात व्यक्तीच्या आयुष्यावर लिहायचे असेल, तर तिची लेखी संमती पहिला मसुदा लिहिण्यापूर्वी घ्यावी. संमतीपत्रात नाव, खासगी प्रसंग, छायाचित्रे आणि कल्पित प्रसंग जोडण्याची मुभा या चारही गोष्टींचा उल्लेख असावा. शेवटची बाब हमखास राहून जाते आणि ट्रेलर आल्यावर वाद तिथूनच पेटतो.

तिसरी अडचण मित्रमंडळींची आहे. तिघांनी रंकाळ्यावर बसून गोष्ट रचली, एकाने ती लिहून काढली आणि दुसऱ्याने संवाद दिले, तर मालक कोण? याचे उत्तर पैसे येण्यापूर्वी एका पानावर लिहून घ्यावे : कथा, पटकथा आणि संवाद यांचे श्रेय कोणाचे, मोबदल्याची वाटणी किती आणि करारावर सही करण्याचा अधिकार कोणाला. मैत्री टिकवायची असेल तर हा कागद टाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

*तपासणी :* एका फाइलमध्ये मूळ कृतीची परवानगी, संमतीपत्रे आणि सहलेखकांचा करार एकत्र नसेल, तर पुढच्या टप्प्याकडे जाऊ नये.

टप्पा २ : नोंदणी करा, पण तिच्याकडून भलती अपेक्षा ठेवू नका

येथे तीन वेगवेगळ्या नोंदण्यांची गल्लत होते.

पहिली मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडील. सभासद झाल्यावर कथा, सारांश किंवा पटकथा ऑनलाइन नोंदवता येते. अमुक मजकूर अमुक तारखेला आपल्याकडे होता, याचा तो पुरावा ठरतो.

दुसरी कॉपीराइट कार्यालयाकडील. साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये आहे. अर्ज दाखल झाल्यावर हरकतींसाठी ३० दिवसांचा अवधी जातो आणि त्यानंतर छाननी होते, म्हणून निर्मात्याला भेटायच्या आठवड्यात अर्ज करून काहीच हाती लागत नाही. कॉपीराइट लिहिल्याक्षणीच निर्माण होतो. नोंदणीमुळे तो सिद्ध करणे सोपे जाते, इतकेच.

तिसरी शीर्षकाची. ती निर्मात्यांच्या संघटनांकडे होते. अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाचे मुख्य कार्यालय कोल्हापुरातच आहे, तेव्हा बॅनर (निर्मितीसंस्थेचे नाव) आणि शीर्षकाच्या नोंदणीची चौकशी करायला मुंबई गाठण्याची गरज नाही. शीर्षक नोंदवले म्हणजे गोष्ट सुरक्षित झाली, हा समज मात्र सोडून द्यावा. या नोंदणीचा पटकथेतील हक्कांशी संबंध नाही.

*सावधान :* कल्पनेवर कॉपीराइट नसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हे स्पष्ट केले आहे : विषय किंवा कथाबीज कोणाच्या मालकीचे नसते, त्याची मांडणी असते. दोन ओळींचे कथाबीज नोंदवून "माझी गोष्ट चोरली" म्हणण्यात अर्थ नाही. प्रसंगांचा क्रम, पात्रे आणि वळणे असलेला किमान दहा-बारा पानांचा सारांश नोंदवावा.

टप्पा ३ : तिकिटातला रुपया कुठे कुठे जातो ते कागदावर मांडा

हा टप्पा वगळून करारावर बोलणी करणारा लेखक किंवा दिग्दर्शक हमखास फसतो, म्हणून येथे थोडे रेंगाळू. पुढील आकडेमोड नमुन्यादाखल आहे. प्रत्यक्ष टक्केवारी चित्रपटागणिक बदलते.

समजा, कोल्हापुरातील एखाद्या मल्टिप्लेक्समध्ये तिकीट १५० रुपयांचे आहे. शंभर रुपयांवरील तिकिटाला १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे सुमारे २३ रुपये सरकारजमा होतात आणि १२७ रुपये उरतात. पहिल्या आठवड्यात थिएटर निम्मा वाटा घेते असे धरू. ६३ रुपये ५० पैसे राहिले. वितरकाचे कमिशन १५ टक्के धरले तर आणखी साडेनऊ रुपये वजा होतात. निर्मात्याच्या बाजूला आले ५४ रुपये. दुसऱ्या आठवड्यापासून निर्माता-वितरकाकडील टक्केवारी सहसा घसरत जाते, म्हणजे हे ५४ रुपयेही टिकत नाहीत.

आता प्रसिद्धी आणि प्रदर्शनावर ६० लाख रुपये खर्च झाले असतील, तर केवळ तेवढे वसूल व्हायला सुमारे १ लाख ११ हजार तिकिटे विकली जावी लागतात. निर्मितीखर्च दीड कोटी असेल, तर एकूण आकडा ३ लाख ८९ हजार तिकिटांच्या घरात जातो. त्याआधी "निव्वळ नफा" नावाची वस्तू अस्तित्वातच येत नाही. "मानधन कमी घ्या, नफ्यात ५ टक्के देतो" हा प्रस्ताव समोर आला की हे गणित त्याच बैठकीत मांडावे. नफ्यातील वाट्याऐवजी टप्प्याटप्प्याचा बोनस मागणे मला अधिक शहाणपणाचे वाटते : जीएसटी वजा जाता तिकीटविक्री अमुक कोटींवर गेली की अमुक रक्कम. तिकीटविक्रीचा आकडा तपासता येतो. निर्मात्याच्या वहीतला नफा तपासणे फार अवघड असते.

एकपडदा चित्रपटगृहांत वाट्याऐवजी आठवड्याचे ठरावीक भाडेही चालते. तिथे गर्दी झाली तर निर्मात्याचा फायदा आणि गृह रिकामे राहिले तर सगळा तोटा त्याच्याच अंगावर. उपग्रह हक्क (टीव्हीवर दाखवण्याचे), ओटीटी, संगीत आणि डबिंगचे हक्क हे उत्पन्नाचे वेगळे प्रवाह आहेत. ते कोणाकडे राहणार, हे टप्पा ६ मध्ये ठरते.

मालिकेचे गणित वेगळे

मालिकेत तिकीट नाही आणि नफाही नाही. वाहिनी निर्मितीसंस्थेला दर भागामागे ठरलेली रक्कम देते, मालिकेचे हक्क बहुधा वाहिनीकडे जातात आणि लेखकाला भागागणिक मानधन मिळते. कथा, पटकथा आणि संवाद यांचे दर वेगळे असतात. "लेखन" असा एकच मोघम शब्द करारात असेल, तर तिन्ही कामे एका दरात करून घेतली जाण्याचा संभव असतो.

खरी मेख पैसे हाती येण्याच्या मुदतीत आहे. प्रसारणानंतर ९० दिवसांनी पैसे देण्याची पद्धत या धंद्यात रूढ आहे. आठवड्याला सहा भाग धरले, तर पहिल्या भागाचे पैसे येईपर्यंत सुमारे ७८ भाग प्रसारित झालेले असतात आणि पुढचे काही लिहून झालेले असतात. कोल्हापूरची नोकरी सोडून मुंबईत खोली घेणाऱ्याने किमान चार-पाच महिन्यांचा खर्च आधी बाजूला काढलेला असावा. मुदत प्रसारणापासून नव्हे, तर भाग मंजूर झाल्याच्या तारखेपासून मोजावी, असा आग्रह धरावा. मालिका टीआरपीअभावी अचानक बंद झाल्यास लिहून दिलेल्या परंतु प्रसारित न झालेल्या भागांचे पैसे मिळतील, हे वाक्यही करारात हवे.

टप्पा ४ : अंदाजपत्रक विसरलेल्या खर्चांपासून सुरू करा

दिग्दर्शक अंदाजपत्रक बनवतो तेव्हा कॅमेरा, कलाकार आणि जेवण बरोबर धरतो. ध्वनिमिश्रण, रंगसंस्कार, सबटायटल, सेन्सॉर, ओटीटीला लागणाऱ्या तांत्रिक स्वरूपातील प्रती, विमा आणि प्रसिद्धी या बाबी राहून जातात. म्हणून आधी शेवटचे रकाने भरावेत आणि मग चित्रीकरणाकडे यावे. अनपेक्षित खर्चासाठी दहा टक्के वेगळे ठेवावेत. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरचे चित्रीकरण असेल तर दहा टक्केही अपुरे पडतील; पन्हाळ्यावरचे धुके दोन दिवस हटले नाही तर युनिटचा भत्ता काही थांबत नाही.

कोल्हापुरातील परवानग्यांचा खर्च आणि वेळ यांचा हिशोब असा ठेवावा :

१. मोरेवाडीची कोल्हापूर चित्रनगरी महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाच्या अखत्यारीत आहे. चित्रीकरण परवान्यांची राज्याची एक खिडकी योजनाही त्याच महामंडळाकडे आहे, त्यामुळे पहिली चौकशी तिथे करावी.

२. पन्हाळा हे केंद्रसंरक्षित स्मारक आहे. तिथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी वेगळी लागते. नगरपरिषदेतील ओळख तिथे उपयोगी पडत नाही.

३. उजळाईवाडीचा विमानतळ शहराला आणि चित्रनगरीला जवळ आहे. ड्रोनचे दृश्य पटकथेत लिहिण्यापूर्वी ड्रोनसाठीच्या सरकारी डिजिटल स्काय नकाशावर ती जागा कोणत्या क्षेत्रात येते ते पाहावे.

४. बैल, म्हैस, घोडा किंवा बोकड कॅमेऱ्यासमोर येणार असेल, तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी चित्रीकरणाआधी घ्यावी लागते. आपल्याकडच्या चित्रपटांत हे वारंवार चुकते. गोठ्यातील दृश्य सहज म्हणून टिपले जाते, चित्रपट पुरा होतो आणि सेन्सॉरच्या दारात ना हरकत प्रमाणपत्रापायी अडकून पडतो. शर्यतीचे दृश्य असेल तर ही परवानगी हाती येईपर्यंत तारखा देऊच नयेत.

*तपासणी :* अंदाजपत्रकाच्या प्रत्येक ओळीसमोर दर कोणी दिला त्याचे नाव आणि तारीख आहे का? नसेल, तर तो अंदाज तुमच्या मनातला आहे, बाजारातला नाही.

टप्पा ५ : कथावाचनाची भेट

रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडून सकाळी मुंबईत उतरायचे आणि दिवसभरात तीन कार्यालयांत गोष्ट ऐकवून परतायचे, हा कोल्हापूरकर लेखकाचा ठरलेला शिरस्ता आहे. त्यात काही गैर नाही. फक्त भेटीआधी एक ईमेल आणि भेटीनंतर एक ईमेल जायला हवा. आधीच्या ईमेलमध्ये एका पानाचा सारांश आणि नोंदणी क्रमांक द्यावा. नंतरच्या ईमेलमध्ये कोण उपस्थित होते, काय ऐकवले आणि पुढे काय ठरले, हे तीन-चार ओळींत लिहावे. व्हॉट्सॲपवरील आवाजी निरोपावर विसंबू नये.

संपूर्ण पटकथा पहिल्या भेटीत हाती देऊ नये. मागितलीच, तर प्रत्येक पानावर नाव व तारीख असलेली पीडीएफ पाठवावी. गोपनीयतेच्या करारावर मोठ्या संस्था सहसा सही करत नाहीत. उलट अनेकदा त्याच लेखकाकडून "आमच्याकडे अशीच कल्पना आधीपासून असू शकते" अशा अर्थाच्या कागदावर सही घेतात. ते वाचून, त्याची प्रत घेऊन मगच सही करावी.

टप्पा ६ : करारनामा

निर्मात्याने पाठवलेला मसुदा बहुधा इंग्रजीत आणि वीसेक पानांचा असतो. तो पहिल्या पानापासून वाचू नये. पुढील क्रमाने वाचावा.

प्रथम हक्कांचे कलम पाहावे. "सर्व माध्यमे, सर्व भाषा, संपूर्ण जग, कायमस्वरूपी" अशी चौकट असेल, तर रिमेक, पुढचा भाग, वेब मालिका आणि पुस्तकरूप हे सारे एका सहीने गेले. यातील किमान पुस्तक आणि नाटकाचे हक्क राखून ठेवण्याची मागणी वाजवी आहे. करारात मुदत लिहिलेली नसेल, तर कायद्याने ती ५ वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल, तर तो भारतापुरता मानला जातो. आणि घेणाऱ्याने एका वर्षात हक्क वापरले नाहीत, तर हस्तांतर संपुष्टात येते. ही संरक्षणे कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ मध्ये आहेत, पण करारात वेगळे लिहिले असेल तर ती लागू होत नाहीत. "कलम १९(४) लागू राहणार नाही" ही ओळ, म्हणजे एका वर्षाची अट रद्द, जवळपास प्रत्येक मसुद्यात सापडते. ती दिसली की तिच्या बदल्यात स्वतःची मुदत घालून घ्यावी : अमुक महिन्यांत चित्रीकरण सुरू झाले नाही, तर हक्क लेखकाकडे परत. हे एकच कलम मिळवायचे असेल आणि बाकी सगळे सोडावे लागणार असेल, तरी मी हेच मागेन. कारण अडगळीत पडलेल्या पटकथा लेखकाला परत मिळवता येत नाहीत, हाच या धंद्यातला सर्वांत मोठा तोटा आहे.

त्यानंतर मोबदला. करारावर सही, पहिला मसुदा, अंतिम मसुदा आणि चित्रीकरणाचा पहिला दिवस असे हप्ते असावेत. शेवटचा हप्ता "प्रदर्शनानंतर" ठेवू नये. कित्येक चित्रपट डब्यातच राहतात. किती वेळा पुनर्लेखन मोबदल्यात धरले आहे, तो आकडा लिहावा.

रॉयल्टीबाबत कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने मोठा आधार दिला आहे. चित्रपटात समाविष्ट झालेल्या साहित्य आणि संगीताच्या लेखक-संगीतकारांना, चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता अन्य वापरातून समान वाट्याने रॉयल्टी मिळण्याचा हक्क आहे आणि तो निर्मात्याला लिहून देता येत नाही किंवा सोडूनही देता येत नाही. तो केवळ कायदेशीर वारसाला किंवा कॉपीराइट संस्थेला देता येतो. करारात "रॉयल्टीसह सर्व हक्क सोडत आहे" असे लिहून घेतले, तरी तो हक्क शिल्लक राहतो. गीतकार आणि संगीतकारांनी आयपीआरएस या त्यांच्या कॉपीराइट संस्थेचे सभासद होऊन ठेवावे.

श्रेयाचे कलम नेमके हवे : पडद्यावर कोणत्या शब्दांत, स्वतंत्र पाटीवर की सामायिक, पोस्टरवर नाव आहे की नाही. मध्येच लेखक बदलला तर पहिल्याचे श्रेय काय, हेही त्यातच यावे.

शेवटी वादाचे कलम. "केवळ मुंबईतील न्यायालये" असे छापील वाक्य असते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ नुसार हक्कभंगाचा दावा लेखकाला स्वतः राहतो त्या ठिकाणच्या जिल्हा न्यायालयातही लावता येतो आणि ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आहे. लवादाचे ठिकाण कोल्हापूर मागून पाहावे. मिळाले नाही तर पुणे. तारखेमागे तारीख पडत असताना प्रवासाचा खर्चच माणसाला तडजोडीला भाग पाडतो.

*सावधान :* जुन्या सवयीने १०० रुपयांच्या स्टॅम्पवर केलेला आणि नोटरीचा शिक्का मारलेला कागद म्हणजे पक्का करार, असे समजू नये. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अशा सर्वसाधारण करारनाम्यांचे किमान मुद्रांक शुल्क ५०० रुपये झाले आहे आणि रकमेनुसार ते वाढूही शकते. नोटरी केवळ सही कोणाची ते सांगते. मजकूर योग्य आहे असे सांगत नाही. मसुदा कॉपीराइटचे काम करणाऱ्या वकिलाला दाखवावा, ओळखीच्या जमीनजुमल्याच्या वकिलाला नाही.

टप्पा ७ : पैसे हाती येताना

मानधनातून व्यावसायिक शुल्क म्हणून साधारणतः १० टक्के टीडीएस कापला जातो. कापलेली रक्कम आपल्या पॅनवर जमा झाली का, हे फॉर्म २६एएस मध्ये पाहावे. कापून घेतली पण भरली नाही, असेही घडते. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते. करारात रक्कम "करांसह" की "कर वगळून" हे लिहिलेले नसेल, तर १८ टक्क्यांचा भुर्दंड स्वतःच्या मानधनातून सोसावा लागतो.

टप्पा ८ : स्वतःच निर्माते होणार असाल तर

मित्रांकडून रोख गोळा करून चित्रपट सुरू करू नये. एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) किंवा नोंदणीकृत भागीदारी आधी करावी, तिच्या नावाने बँक खाते उघडावे आणि लेखक, दिग्दर्शक, संगीतकार यांचे हक्क त्या संस्थेच्या नावे लिहून घ्यावेत. दिग्दर्शक स्वतः मालक असला तरी हा कागद लागतो. ओटीटी किंवा वाहिनी चित्रपट घेताना हक्कांची साखळी तपासते आणि त्यात एक कडी नसेल तर व्यवहार तिथेच थांबतो.

सेन्सॉरच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज ऑनलाइन होतो. यूए (पालकांच्या मार्गदर्शनाने पाहण्याच्या) गटाचे आता ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग आहेत, त्यामुळे शिव्या आणि हाणामारीची दृश्ये संकलनातच त्या दृष्टीने तपासावीत. पडद्यावर कोणी तंबाखू मळताना दिसला तरी तंबाखूविरोधी सूचना घालाव्या लागतात. सिगारेट नाही म्हणून सुटका होत नाही.

राज्य शासनाचे दर्जेदार मराठी चित्रपटांसाठीचे अर्थसाहाय्य चित्रपट पूर्ण झाल्यावर, समितीने पाहून दर्जा दिल्यावर मिळते. ते अंदाजपत्रकाच्या जमेच्या बाजूला मांडू नये आणि त्याच्या भरवशावर व्याजाने पैसे तर मुळीच उचलू नयेत. अर्जासोबत लागणारी खर्चाची बिले आणि करारनामे चित्रीकरणाच्या पहिल्या दिवसापासून तारीखवार लावून ठेवावेत. वर्षभरानंतर जेवणवाल्याकडून आणि जीपवाल्याकडून जुन्या तारखेची बिले मागत फिरणे हा सनदी लेखापालासमोर न टिकणारा उद्योग आहे.